उब्बो हायकनचा चमचा

आमच्या ओल्डेफेन गावातली माणसं उब्बो हायकनला चेहऱ्यापेक्षा पाठीवरून जास्त ओळखत. ऑक्टोबरात पक्ष्यांची घरटी रिकामी झाली की तो कुणाच्या ना कुणाच्या कुंपणाकडे तोंड करून जो उभा राही, तो थेट हिवाळा सरेपर्यंत. आमच्याकडे कुंपण म्हणजे झुडपांचं, आणि ते पट्टीने आखल्यासारखं सरळ हवं. घराचं छप्पर गळू दे, नवराबायकोने एकमेकांशी बोलणं सोडलेलं असू दे, कुंपण सरळ असलं की ते घर चांगलं. उब्बो ते सरळ ठेवायचा. दोरी लावायची नाही, काठी रोवायची नाही. मान जराशी तिरकी करायची, एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघायचं आणि कापायचं यंत्र चालवायचं. चाळीस वर्षं सगळं गाव त्याच्या नजरेवर विसंबून होतं.

वय त्रेसष्ट, अंगाने ताडमाड, आणि बिनलग्नाचा. लग्न करायचं नाही असं त्याने कधी ठरवलं नव्हतं, विचारायचं राहून गेलं एवढंच. तरुणपणी एकदा विचारायला म्हणून निघाला होता, पण वाटेत कुणाचं तरी कुंपण वाकडं दिसलं आणि तो तिथेच रमला, असं त्याची थोरली बहीण हिस्के सांगते. हिस्के त्याच घराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात राहायची. मध्ये एक भिंत होती, पण हिस्केच्या आवाजाने भिंतीबिंतीला कधी जुमानलं नाही. उब्बो दिवसभरात जेवढं बोले तेवढं ती एका दमात बोलून मोकळी होई, म्हणून घराचा हिशेब एकूण बरोबर बसे.

त्या ऑक्टोबरात ताल्केने त्याला बोलावलं. ताल्के म्हणजे शाळेच्या स्वयंपाकघरात उभा जन्म बटाटे उकडून निवृत्त झालेली बाई. नवरा जाऊन काही वर्षं झाली होती. लहानपणी ती उब्बोच्याच वर्गात, पुढच्या बाकावर बसायची. त्यामुळे तिची वेणी त्याच्या चांगली ओळखीची होती, पण बोलणं फारसं कधी झालं नव्हतं.

"उब्बो, कुंपण छातीपर्यंत आलंय," ती फोनवर म्हणाली. "पलीकडचे शेजारी खाली बसले की दिसत नाहीत. म्हणजे ही तक्रार नाही, पण काप."

त्याने कापलं. काम संपल्यावर तिने चहाला आत बोलावलं, आणि इथून पुढे सगळा घोळ सुरू झाला.

चहाच्या बाबतीत आमच्या लोकांना थट्टा चालत नाही. आधी कपात खडीसाखरेचा खडा, त्यावर कडक चहा, मग तो खडा तडतडला की पाहुण्याने छोट्या पळीने कपाच्या काठालगत साय सोडायची, म्हणजे ती खाली जाऊन ढगासारखी वर येते. ढवळायचं नाही. ढवळणारा माणूस बाहेरगावचा, किंवा मग त्याच्या मनात काहीतरी काळंबेरं. मग बशीत चमचा असतो कशाला? तर "पुरे" म्हणायला. तीन कप घ्यायचेच, त्याच्या आत उठणं म्हणजे यजमानिणीच्या तोंडावर दार आपटणं. तीन झाल्यावर पाहुणा चमचा उचलून कपात ठेवतो आणि ओतणारी थांबते. चमचा बशीत आहे तोवर ती ओतत राहणार, मग पाहुणा फुटला तरी बेहत्तर. आम्हाला तोंडाने "नको" म्हणायची लाज वाटते, म्हणून ते काम आम्ही चमच्याकडून करून घेतो.

तर उब्बोने तीन कप घेतले, पावाला लोणी लावून खाल्ला, हवेबद्दल जे बोलायचं ते बोलून झालं, आणि त्याने चमचा कपात ठेवला. किणकिण असा आवाजही झाला.

ताल्केने चौथा कप ओतला.

उब्बोच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. कपात चमचा असताना वरून ओतणारी बाई त्याने जन्मात पाहिली नव्हती. त्याची आई असती तर तिला देव आठवला असता. पण ताल्के शांतपणे किटली मेणबत्तीच्या छोट्या शेगडीवर ठेवून त्याच्याकडे बघत होती. उब्बोने चमचा काढून बाजूला ठेवला, चौथा कप प्यायला आणि चमचा पुन्हा कपात ठेवला. ताल्केने पाचवा ओतला. असं करता करता नऊ झाले. बाहेर अंधार पडला. शेवटी किटलीच संपली म्हणून तो सुटला.

आता खरी गोष्ट सांगून टाकतो, कारण वाचणाऱ्याला अंधारात ठेवण्यात मला मजा वाटत नाही. चमचा कपात नव्हता. एकदाही नव्हता. तो कपाच्या पलीकडे, बशीत, कपाच्या कानाला टेकून उभा होता. समोरच्या खुर्चीवरून ताल्केला तो बशीत स्वच्छ दिसत होता, म्हणून ती बिचारी रीतीप्रमाणे ओतत होती. उब्बोला मात्र त्याच्या जागेवरून तो कपातून वर आल्यासारखा दिसे. चमचा अलीकडे की पलीकडे, आत की मागे, हे त्याच्या डोळ्यांना कळेनासं झालं होतं, आणि ते कळत नाही हेही त्याला कळत नव्हतं.

घरी जाताना कालव्याच्या कडेने चालत असलेल्या उब्बोच्या पोटात नऊ कप डचमळत होते. आडोसा शोधावा तर दोन्ही बाजूंची कुंपणं त्यानेच कापून ठेवलेली. तरीही तो खुशीत होता. त्रेसष्ट वर्षांत त्याने जायला नको असं वाटणारं कुणीतरी पहिल्यांदा भेटलं होतं. त्याने पुन्हा पुन्हा मनात मोजून पाहिलं, आणि प्रत्येक वेळी हिशेब तोच आला. चमचा कपात, तरी ती ओतते. म्हणजे मी बसावं असं तिला वाटतं. दुसरा अर्थच नाही.

पुढच्या गुरुवारी तो न बोलावता गेला. "मोइन," तो दारात म्हणाला. आमच्याकडे सकाळ, दुपार, संध्याकाळ सगळ्याला मोइनच म्हणतात, कारण वेळेप्रमाणे शब्द बदलायला वेळ कुणाला आहे. "मधे जरा खळगा राहिलाय कुंपणाला. काढून टाकतो."

खळगा होता हे खरं. तो त्यानेच पाडलेला होता. खळगा काढायचा म्हणजे दोन्ही बाजू खाली आणायच्या, त्या आणताना उजवीकडे उतार आला. तो काढायला पुढचा गुरुवार. मग डावीकडे. दर गुरुवारी कुंपण वीतभर खाली आणि चहाचे कप वर. नोव्हेंबरात छातीचं कुंपण कमरेला आलं. डिसेंबर लागला तेव्हा ते गुडघ्याशी होतं, आणि पलीकडचे शेजारी आता आडवे झोपले तरी दिसत. कुंपणाने शेत खाल्लेलं सगळ्यांना ठाऊक असतं, पण इथे माळ्याने कुंपण खाल्लं. ताल्के काही बोलली नाही. गाव मात्र बोलू लागलं.

"परवा अकरा कप," हिस्के भिंतीपलीकडून म्हणाली. "पोस्टातल्या बाईला ताल्केनेच सांगितलं. उब्ब्या, अरे घोडासुद्धा एवढं पाणी पीत नाही."

"चहा चांगला असतो," उब्बो म्हणाला.

"मी तुला जन्मभर चहा देतेय, तीनच्या वर कधी गेला नाहीस. चहाचं नाव कशाला बदनाम करतोस?"

तोवर दुसरेही प्रकार सुरू झाले होते. रविवारी आमचे लोक रस्त्यावर लाकडी गोळे लोटण्याचा खेळ खेळतात. गोळा खंदकात गेला की लांब दांड्याच्या जाळीने तो काढायचा. उब्बो जाळी घेऊन उभा राही आणि गोळ्याच्या हातभर अलीकडचं पाणी मोठ्या निष्ठेने ढवळत बसे. चर्चच्या दारात पाद्रीबुवांनी हात पुढे केला तर उब्बोने त्यांच्या हाताच्या अलीकडची हवा धरून जोरजोरात हलवली. पाद्रीबुवा भले माणूस, त्यांनीही आपल्या बाजूची हवा हलवली. जिन्याची शेवटची पायरी संपल्यावर आणखी एक आहे असं समजून तो पाय असा टाकी की अंगणातल्या कोंबड्या पळत. हिस्केच्या वाढदिवसाला तर तो खुर्चीशेजारी बसला, म्हणजे सरळ जमिनीवर, आणि उठवेपर्यंत तिथेच बसून राहिला, कारण इतक्या लोकांदेखत उठणं त्याला जास्त लाजिरवाणं वाटलं.

"प्रेमात पडलाय," हिस्केने निकाल दिला. "म्हातारपणी पडलं की असंच पडतात, जमिनीवर."

डोळ्यांचा संशय कुणालाच आला नाही. येणार तरी कसा? गावाच्या पलीकडच्या टोकाला कुणाच्या कुंपणाची फांदी वर आली आहे हे उब्बो अजून सांगायचा. वर्तमानपत्रातल्या बारीक अक्षरातल्या मृत्यूच्या बातम्या तो हिस्केला चष्म्याशिवाय वाचून दाखवायचा, आणि वयं वाचताना खूश व्हायचा.

नाताळच्या आधीच्या गुरुवारी उब्बोने ठरवलं की आज विचारायचं. नवा सदरा घातला. हिस्केने न सांगताच भिंतीपलीकडून ओळखलं आणि ओरडून सांगितलं की वरचं बटण लाव. कुंपणात कापण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. त्याने यंत्र नुसतं दोनदा गुरगुरवून बंद केलं आणि तो आत गेला.

ताल्केने टेबलावर चांगला पांढरा टेबलक्लॉथ घातला होता. उब्बोने साय घेतली, कपाच्या काठालगत अलगद सोडली, आणि ती सगळी टेबलक्लॉथवर गेली. ताल्केने बघून न बघितल्यासारखं केलं. असं ती गेले महिनाभर करत आली होती. पाव, हवा, तीन कप. चमचा. चौथा कप. चमचा. पाचवा. सातव्या कपानंतर उब्बोने चमचा ठेवला, श्वास घेतला, आणि मायेने ताल्केचा हात धरायला हात पुढे केला. तो लोण्याच्या वाटीत गेला. मनगटापर्यंत गेला असं हिस्के सांगते, पण ती तिथे नव्हती. चार बोटं गेली होती.

आता माघार घेण्यात अर्थ नव्हता. लोण्याचा हात तसाच ठेवून त्याने तोंड उघडलं.

"ताल्के, मी काही बोलणारा माणूस नाही," तो म्हणाला.

"हो," ताल्के म्हणाली.

"पण मी आंधळा नाही. दर गुरुवारी बघतोय मी. मी चमचा कपात ठेवतो आणि तरी तू ओततेस. आधी मला वाटलं, चुकून. पण इतक्या वेळा चूक होत नाही. ज्या बाईला माणूस जायला नको असतो तीच असं करते. तर मी म्हटलं, आपणच विचारावं. कारण बाईने इतकं केल्यावर..."

"कुठे कपात?" ताल्केने विचारलं.

"काय?"

"चमचा. कुठे आहे कपात?"

"हा काय," उब्बो म्हणाला आणि त्याने लोणी लागलेल्या बोटाने चमचा दाखवला.

ताल्के उठली. टेबलाला वळसा घालून त्याच्या पाठीमागे आली, वाकली आणि तिने आपलं डोकं त्याच्या डोक्याशेजारी आणलं. तिच्या केसांना साबणाचा वास होता. उब्बोला वाटलं, आता काहीतरी होणार. आणि झालंही.

"मान डावीकडे कर," ती म्हणाली. "आणखी. आता बघ."

उब्बोने मान डावीकडे केली आणि चमचा कपातून बाहेर आला. कुणी हात लावला नव्हता. त्याने मान पुन्हा सरळ केली, चमचा आत गेला. डावीकडे, बाहेर. तीनचार वेळा त्याने करून पाहिलं. मग बोटाने चाचपलं. चमचा बशीत होता, कपाच्या मागे.

"दर गुरुवारी इथेच असतो तो," ताल्के हळू आवाजात म्हणाली. "म्हणून मी ओतते."

मेणबत्तीवर किटली कुरकुरत होती.

"म्हणजे दर वेळी तिसऱ्या कपाला तुला उठायचं असायचं," ताल्के म्हणाली.

उब्बोच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. म्हणजे हिने कधी थांबवलंच नव्हतं. हिने फक्त रीत पाळली. दोन महिने मी ज्याच्यावर बंगला बांधला तो एक बशीतला चमचा होता. त्याला इतकी लाज वाटली की खुर्चीशेजारी बसल्याची लाज त्यापुढे काहीच नव्हती.

"डॉक्टरला डोळे दाखव, उब्बो," ताल्के त्याच्या बोटांचं लोणी पुसत म्हणाली. "हसण्यावारी नेऊ नकोस. माझ्या सासूचं असंच सुरू झालं होतं, आणि आम्ही सगळे तिला वेंधळी म्हणत बसलो."

नव्या वर्षात हिस्के त्याला गाडीत घालून आउरिश शहरात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. वाटेत तिने मोतीबिंदूपासून मेंदूपर्यंत सगळे आजार त्याला लावून पाहिले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत होत्या. त्यांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. उब्बोने ती शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचली आणि खालचं छापखान्याचं नावसुद्धा वाचलं.

"बघा," हिस्के म्हणाली. "डोळे ठीक आहेत. डोकंच बिघडलंय."

मग डॉक्टरीणबाईंनी त्याला एक काळसर चष्मा घातला आणि समोर एक चित्र धरलं. चित्रात तळहाताएवढी माशी होती. "हायकनसाहेब, तिचे पंख चिमटीत धरा बरं."

उब्बोने बोट कागदावर टेकवलं आणि इकडेतिकडे फिरवलं. "धरता येत नाहीत," तो म्हणाला. "मेलीय ही. कुणीतरी वर्तमानपत्राने चेपलीय."

"बघू कुठली माशी," म्हणून हिस्केने त्याच्या नाकावरून चष्मा ओढून स्वतःच्या नाकावर चढवला, चित्राकडे पाहिलं, आणि पर्स उगारून दोन पावलं मागे सरकली. चांगल्या दोन डोळ्यांच्या माणसाला ती माशी कागदातून उठून अंगावर आलेली दिसते. हिस्केच्या पर्सचा फटका चित्राला बसला नाही, तो उब्बोच्या गुडघ्याला बसला.

त्यानंतर एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यात डोकं घालायचं होतं. आत कुठेही बारीक दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. उब्बो मुळात भिडस्त माणूस. एखादा दिवा लुकलुकला असेल आणि आपण दखल घेतली नाही, तर त्याला वाईट वाटेल, म्हणून तो दाबतच राहिला.

"तुम्ही नसलेलेही बरेच दिवे पाहिलेत," डॉक्टरीणबाई कागद बघत म्हणाल्या. "पुन्हा करू या. या वेळी जरा उद्धटपणे."

दुसऱ्या खेपेला खरं काय ते बाहेर आलं. डोळ्यांतला दाब वाढलेला होता, डाव्यात जास्त. काचबिंदू, पण अगदी सुरुवातीचा.

"मला तर सगळं दिसतं," उब्बो म्हणाला.

"दिसतं, कारण मधला भाग शाबूत आहे," त्या म्हणाल्या. "डाव्या डोळ्याच्या नसेचे कडेकडेचे धागे विरलेत. एक डोळा समोरचं जरा डावीकडून बघतो, दुसरा जरा उजवीकडून. मेंदू ती दोन चित्रं एकावर एक बसवतो आणि त्यातल्या फरकावरून जवळ काय, लांब काय ते ठरवतो. एक चित्र फिकं पडलं की जोड नीट बसत नाही. अक्षरं वाचता येतात, पण कप कुठे संपला आणि बशी कुठे सुरू झाली ते कळत नाही."

"आणि खुर्ची," हिस्के म्हणाली.

"खुर्चीसुद्धा. जे गेलं ते परत येणार नाही. पण लवकर आलात, उरलेलं सगळं राखता येईल. रोज संध्याकाळी दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब. चुकवायचा नाही. आणि अंदाज आला नाही की मान हलवून बघायचं, म्हणजे जवळचं आणि लांबचं वेगळं होतं."

"किती दिवस?" उब्बोने विचारलं.

त्यांनी ते सांगितलं, आणि परतीच्या वाटेवर हिस्के पहिल्यांदाच गप्प बसून गाडी चालवत होती. गावाच्या पुलापाशी आल्यावर म्हणाली, "जमिनीवर बसलास तेव्हा मी हसले होते, उब्ब्या."

"सगळेच हसले," उब्बो म्हणाला. "मीसुद्धा हसलो असतो, पण मी खाली होतो."

आता थेंबांची कथा. बाटली डोळ्यावर धरायची म्हणजे पुन्हा अंदाजाचाच प्रश्न. पहिला थेंब त्याच्या कपाळावर पडला, दुसरा मिशीत, तिसरा कानात. शेवटी हिस्केने ते काम हाती घेतलं. लोकर कापताना मेंढी धरतात तसं ती त्याचं डोकं काखेत धरी. थेंब आत जाई, पण त्याबरोबर दोनचार शिव्याही जात. पंधरवड्याने तिने त्याला युक्ती शिकवली. पलंगावर आडवं व्हायचं, खालची पापणी बोटाने ओढायची, बाटलीचा हात कपाळाला टेकवायचा आणि सोडायचा. मग मात्र उब्बोला जमू लागलं. एकही थेंब वाया जाईना.

रस्त्याने तो आता कोंबडीसारखी मान पुढेमागे करत चाले. गावाने दोन दिवस गंमत पाहिली आणि मग सोडून दिलं. कुंपणांना तो दोरी बांधू लागला. पाद्रीबुवांचा हात पहिल्या झटक्यात सापडला. सगळं पुष्कळच सुधारलं होतं, पण उब्बोचं मन लागत नव्हतं. त्याला दुःख होतं ते डोळ्यांचं नव्हतं. गुरुवार आला की तो यंत्राला तेल घाली, पुसून ठेवी आणि कोठीत परत नेई. ताल्केकडे जायला निमित्त उरलं नव्हतं. कुंपण गुडघ्याशी होतं. त्याच्या खाली नुसती जमीन.

"जात का नाहीस?" हिस्केने विचारलं.

"तिने कुठे बोलावलंय."

"आधी कुठे बोलवत होती?"

"आधी मला वाटत होतं, बोलावतेय."

हिस्के यावर जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. फेब्रुवारीत एका सकाळी ती मनगटाला भलंमोठं फडकं गुंडाळून आली आणि म्हणाली की हात मुरगळलाय, आजपासून थेंब घालणं तिला जमणार नाही, कुणाकडे तरी जा. आता उब्बो स्वतःच थेंब घालत होता, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण तो तिच्या फडक्याकडे बघत राहिला. मग हळूहळू त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. हायकनांच्या घरात तो नेहमी जरा उशिराच पडतो.

संध्याकाळी तो बाटली खिशात घालून ताल्केच्या दारात उभा राहिला. धुकं होतं. गुडघ्याएवढं कुंपण त्यातून दिसतही नव्हतं, त्यामुळे येताना तो त्याला अडखळून सरळ अंगणातच आला होता.

"मोइन," तो म्हणाला.

"मोइन," ताल्के म्हणाली. "ये."

तिने चहा ठेवला. खडीसाखर तडतडली. उब्बोने मान पुढेमागे केली, सायीची पळी कपाच्या काठाला टेकवली आणि साय सोडली. ती कपात गेली. दोघांनीही ती वर येईपर्यंत बघितलं.

"ताल्के," तो पहिल्याच कपाला म्हणाला, कारण आता त्याचा धीर तिसऱ्यापर्यंत टिकणार नव्हता. "मला तिसऱ्या कपाला उठायचं नसायचं. चमचा ठेवायचा असतो म्हणून ठेवायचो. उठावंसं मला एकदाही वाटलं नाही. अकरा कपांच्या दिवशीसुद्धा नाही, आणि त्या दिवशी मला उठायची फार गरज होती."

ताल्के किटलीवरचं झाकण नीट करत राहिली.

"पहिल्या दिवशी मी रीत म्हणून ओतलं," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू. पाचव्या कपाला मला वाटत होतं, हा बाबा उठतो कधी, माझी मालिका लागेल. पण दुसऱ्या गुरुवारी तू गेल्यावर मी माळ्यावरून सासूची मोठी किटली काढली. ती रीत नव्हे, उब्बो. आणि माझं कुंपण तू जमिनीला नेलंस आणि मी तोंडातून ब्र काढला नाही, तीसुद्धा रीत नव्हे."

उब्बोला हे समजायला एक कप लागला. मग त्याने खिशातून बाटली काढून टेबलावर ठेवली. मान हलवून, नीट बघून, अगदी काठापासून लांब ठेवली.

"हे घालायचे असतात," तो म्हणाला. "हिस्केचा हात मुरगळलाय. आणि मला स्वतःला जमत नाही."

"हिस्केने दुपारी फोन केला होता," ताल्के म्हणाली. "म्हणाली, गेले तीन आठवडे तू स्वतःच घालतोयस आणि एकदाही चुकला नाहीस."

उब्बोच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो बाटली उचलायला गेला, पण ताल्केने ती आधीच घेतली होती आणि ती झाकण फिरवत होती.

"तिथे आडवा हो," ती कोचाकडे बोट करून म्हणाली.

तो आडवा झाला. कोच त्याच्या मानाने आखूड होता, पाय बाहेर आले. ताल्के शेजारी गुडघ्यांवर बसली, तिने एका हाताने त्याची पापणी ओढली आणि पहिला थेंब डाव्या डोळ्यात अचूक सोडला. गार लागलं.

"डॉक्टरीण काय म्हणाली, किती दिवस घालायचेत?" तिने विचारलं.

"मरेपर्यंत," उब्बो म्हणाला.

"बरं," ताल्के म्हणाली. "दुसरा डोळा उघड."